चौदा वावांचं शीड

मटोंडोनी, ११ जानेवारी १९७०

प्रिय झेनाताईस, अथमानचा सलाम.

तुझं पत्र कोम्बोच्या मेव्हण्याने आणून दिलं. येताना भिजवलंन मेल्याने, तरी सगळं वाचता आलं. आधी मला एक सांग, तुझं अक्षर इतकं सुंदर कधीपासून झालं? मला अलिफ-बे शिकवायचीस तेव्हा पाटीवर नुसत्या मुंग्या चालायच्या. आता बघावं तर ओळी कशा दोरी धरल्यासारख्या! मोंबासाचं पाणी मानवलं म्हणायचं.

पत्रात एवढंच लिहिलंस, ‘या खेपेला मला घरी घेऊन जा.’ अगं, भावजी गेल्याला पंधरा वर्षं झाली. दर वर्षी विचारतो, चलतेस का, तर म्हणायचीस, पुढच्या वाऱ्याला बघू. आता आपणहून म्हणतेस तर मी कसला थांबतोय! अमावस्येची मोठी भरती आली, त्याच दिवशी आपल्या गलबताला, ‘सलामा’ला, वाळूवर ओढून घेतली. गावातली वीस माणसं दोराला लागली होती. म्हातारी बाई आहे, कुरकुरली फार, पण आली.

तळाला शिंपल्यांचा थर चढला होता, तो खरवडून काढला. दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या एका मोडीत निघालेल्या जहाजाच्या बदलून घातल्या. आता बकारी सांध्यासांध्यातून खोबरेल तेलात भिजवलेला कापूस ठोकत बसलाय. तो ठार बहिरा, त्यामुळे त्याला टकटक ऐकू येत नाही. आम्हाला मात्र येते. त्यावर चुना आणि चरबी कालवून तळाला हाताने लेप द्यायचा. कोम्बो नाक धरून म्हणतो, ‘नाखवा, या वासाने मासे पळून जातील, मग मी जेवायला घालू काय?’ हा आमचा आचारी. भात करपवतो आणि वर मलाच ऐकवतो.

शीडही नवं केलं. जुनं आता फक्त माशा वारायच्या लायकीचं राहिलं होतं. जाडं मांजरपाट आणलं, वाळूवर पसरलं आणि बाबांच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पसरून स्वतःच्या वावेने मोजलं. वर परबाणाच्या तिरक्या काठीला चौदा वाव, मागे अकरा, खाली बारा. कोणाला हात लावू दिला नाही. आणि गंमत सांगू? कापड उरलं! चांगलं पंचवीस हात. भाऊ म्हातारपणी हुशार झाला बघ तुझा.

आता बेत ऐक. मार्चमध्ये उत्तरेचा वारा पडायच्या आत लाकडाच्या बल्ल्या भरून खाली मोंबासाला येतो. माल उतरवतो, दक्षिणेचा वारा सुटेपर्यंत जुन्या बंदरात थांबतो, आणि एप्रिलात तुला घेऊन वर. सुकाणूवर कोण, असं विचारू नकोस. मीच.

आणि तुझ्या चिरंजीवांना, म्हणजे आमच्या भाचेबुवांना म्हणावं, मामा येतोय म्हणून ट्रंक उचलायला धावू नकोस. तू जिन्यावरसुद्धा ट्रंक वाळूत रुतवशील. शिंप्याने सुईदोरा सांभाळावा.

तुझा,
अथमान


मोंबासा, २५ जानेवारी १९७०

अथमान, जिवाच्या भावा,

पत्र ऐकून, म्हणजे वाचून, फार बरं वाटलं. अक्षराचं विचारतोस तर नवा चष्मा घेतलाय. आता पुरे ते कौतुक.

माझी काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे. रोज संध्याकाळी चालत जुन्या बंदरावर जाते. कालच गेले होते. ‘मुबारक’ नांगरून उभी होती, तिच्यावर बसून पोरं विडी ओढत होती. वाटलं, पुढच्या खेपेला इथेच माझा भाऊ उभा असेल. तिथल्या कॉफीवाल्याला सांगून ठेवलंय, माझ्या भावाला दोन पेल्यांच्या वर देऊ नकोस, बोलायला लागला की थांबत नाही.

पण त्या उरलेल्या कापडाचं काय ते नीट सांग.

अथमान, मी बाबांची चार शिडं शिवली. तुझी तीन. तळहाताला पडलेले घट्टे अजून गेले नाहीत. चौदा, अकरा, बारा हे माप आणि तेवढंच कापड. एकदाही रुमालभर चिंधी उरली नाही. उलट दर वेळी टोकाला तुकडा जोडावा लागायचा आणि बाबा दुकानदाराच्या नावाने शंख करायचे. आणि तुझं पंचवीस हात उरतं? हुशारी नव्हे रे ती. तुझी वाव आखडली. दोन्ही हात पसरतोस म्हणतोस, पण एक हात पुरता पसरत नाही, होय ना? कुठला, डावा? मागच्या हंगामात परबाणावरून पडलास तेव्हा लिहिलं होतंस, ‘नुसती उसण भरली.’ उसण सहा महिने राहते का?

आठवतं ना, सलामा तुझी कशी झाली ते? बाबा एका सकाळी वाळूवर येऊन नुसतं म्हणाले, ‘अथमान, हात पसर.’ तू हात पसरलेस, त्यांनी तुझ्या वावेवर कापड बेतलं आणि घरी जाऊन झोपले. ज्याच्या वावेवर शीड, त्याचं गलबत. आई दारात उभी राहून रडली, आणि तू वेड्यासारखा दुपारपर्यंत हात पसरूनच हिंडत होतास.

म्हणून सांगते, रागावू नकोस. एका हाताने त्या वाऱ्यात सुकाणू धरता येत नाही. माझ्या फमाऊला घे. दहा वर्षं तुझ्या हाताखाली होता. सुई धरली म्हणून हात विसरत नाहीत. झालं गेलं आठ वर्षांपूर्वीचं, आता तरी सोडून दे.

तुझी,
झेना


मटोंडोनी, ६ फेब्रुवारी १९७०

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. कोम्बोला वाटलं, भात करपला म्हणून.

माझा हात ठीक आहे. वाव ठीक आहे. चष्मा लावून तू कापड मोजायला बसलीस तिकडे, आणि इकडे माझं शीड! फमाऊचं नाव काढू नकोस. ज्याने किपिनीच्या नदीमुखाशी भर दिवसा माझं जहाज वाळूत घातलं, त्याच्या हातात मी तुला देऊ?

हे लिहिलं आणि कागद बाजूला ठेवला. मग काल शीड चढवून बघितलं. आता तूच ते उकरून काढलंस म्हणून सांगतो. परबाणाचं टोक पाच हात उघडं राहतं. लांड्या झग्यातल्या माणसासारखी दिसते सलामा. बकारीने बघितलं, मान हलवली आणि पुन्हा कापूस ठोकायला लागला. बहिऱ्याला टोमणाही मारता येत नाही. कोम्बो म्हणाला, ‘नाखवा, धुतल्यावर आटलं वाटतं.’ अजून धुतलंच नाहीये.

म्हणजे तू जिंकलीस. हात खांद्याच्या वर जात नाही. झालं समाधान?

पण आता माझी पाळी. झेनाताई, तू म्हणे ‘कालच’ बंदरावर ‘मुबारक’ बघितलीस ना? पोरं बसली होती विडी ओढत? अगं, रमझान संपल्यावर लगेच ‘मुबारक’ मोडीत निघाली. तिच्या दोन फळ्या माझ्या सलामाच्या तळाला आहेत. मी स्वतःच्या हाताने ठोकल्यात. तू कुठली पोरं बघितलीस?

तू बंदरावर गेलीच नाहीस. रमझानपासून गेली नाहीस. काय झालंय तुला? खोटं बोलायची तुला लहानपणापासून सवय नाही, म्हणून पहिल्याच खेपेला पकडली गेलीस. घर ते बंदर तुझ्या पावलांनी पाव तासाचं. तेवढं चालवत नाही का? दम लागतो? पाय सुजलेत? बसने ये म्हटलं असतं तर आली असतीस, मग गलबतच का? मला खरं खरं लिही. मी इथे चरबी-चुना कालवतोय आणि जीव तिकडे टांगलेला आहे.

अथमान


मोंबासा, १७ फेब्रुवारी १९७०

आदरणीय अथमानमामांस, फमाऊचा सलाम.

हे पत्र आई झोपली असताना लिहितोय. तिला माहीत नाही.

आधीची पत्रंही मीच लिहिली. गेल्या वर्षापासून आईचा हात कापतो, लेखणी धरवत नाही, आणि डोळ्यांनाही बारीक दिसत नाही. ती सांगते, मी लिहितो. तुमची पत्रंही मीच मोठ्याने वाचून दाखवतो. जिन्यावर ट्रंक रुतवण्याचं तेही वाचलं. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग मीही हसलो. किपिनीचंही वाचलं. तेव्हा ती हसली नाही.

तुम्ही बरोबर ओळखलंत. रमझानच्या दुसऱ्या आठवड्यात आई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात महिनाभर ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, या वयात सांधत नाही, घरी न्या. ती आता उभी राहू शकत नाही. खाटेवरून खुर्चीत मीच बसवतो. तिला कोणी उचललेलं आवडत नाही, म्हणून दर वेळी मला शिव्या देते. त्या देते तोवर मला बरं वाटतं.

बसचं मी विचारून आलो. वर जाणारा रस्ता तुम्हाला माहीत आहे, नुसते खड्डे, आणि वाटेत होड्यांवरून उतारा. डॉक्टर म्हणाले, त्या हिसक्यांनी ती अर्ध्या वाटेतच जाईल. आईला घरी आणलं तेव्हाच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, की हिच्याकडे फार हंगाम नाहीत. हे आईने आतून खाटेवरूनच ऐकलं. त्याच दिवशी म्हणाली, ‘मामाला पत्र लिही, मला घरी ने.’ रोज सकाळी उठल्यावर पहिलं विचारते, वारा कुठला? मी खिडकीतून हात बाहेर काढून सांगतो. ती म्हणते, हाताने नव्हे, गालाने बघ, मामाने काय शिकवलं तुला.

मामा, मी सुकाणू मागत नाही. आईने मागितलं, तिला मी अडवू शकलो नाही. तुम्ही सांगाल तिथे बसेन, पाणी उपसेन, बल्ल्या वाहीन. फक्त या. आणि तिला कळू देऊ नका की मी सगळं लिहिलं.

तुमचा भाचा,
फमाऊ


मटोंडोनी, २८ फेब्रुवारी १९७०

प्रिय झेनाताईस,

हे पत्र फमाऊने तुला वाचून दाखवायचं आहे. फमाऊ, मोठ्याने वाच. मध्येच खोकायचं नाही, ओळ गाळायची नाही, आवाज खाली आणायचा नाही. ताई, पोरगा थांबला तर त्याच्या पाठीत एक घाल. बसल्या बसल्या हात पोचतो ना?

हो, मला सगळं कळलंय. पोराला रागावू नकोस. झाकून किती दिवस झाकणार होतीस? धक्क्यावर उभा राहून मी ‘ये गं ताई’ म्हणालो असतो आणि तू काय चालत येणार होतीस?

आता तयारीचं ऐक. माल घेऊन मी पंधरा मार्चच्या आसपास निघतो. शीड उसवून पुन्हा बेतायला आता सवड नाही. तसंच लांडं ठेवतो. येताना दक्षिणेचा वारा असणार, तो नवा नवा असला तरी धटिंगण असतो, त्याला लहान शीडच बरं. दोन दिवसांची वाट तीन दिवसांत करू. घाई कोणाला आहे? तू पंधरा वर्षं घेतलीस.

उरलेल्या कापडाचा मी पाळणा केलाय. दुहेरी, चारी कोपऱ्यांना दोर, बसायला खाली बल्लीची फळी. होडीतून तुला सलामापाशी आणायचं, डोलकाठीच्या कप्पीला पाळणा अडकवायचा आणि अलगद वर घ्यायचं. कोणी उचलणार नाही, कोणी काखेत हात घालणार नाही. राणीसारखी येशील. आधी कोम्बोला बसवून चढवून बघितला. तो तुझ्या दुप्पट आहे. हवेत असताना विचारलं, भात करपवशील पुन्हा? नाही नाही म्हणेपर्यंत खाली घेतला नाही.

आता जरा नाजूक विषय. जहाजाच्या मागे पाण्यावर टांगलेली ती शौचाची पेटी तुला आठवते. तिथे तू जाऊ शकणार नाहीस. मी डेकवरच, मागच्या कोपऱ्यात, भोक पाडलेली खुर्ची ठोकून बसवली आहे, तिन्ही बाजूंनी चटया, आणि धरायला दोर. बायकोने केलं असतं तर बरं झालं असतं, पण ती नाही, म्हणून मलाच सुचावं लागलं. लाजू नकोस. लहानपणी तू माझं सगळं केलंस.

आता खरी गोष्ट. फमाऊ, आवाज!

आठ वर्षांपूर्वी किपिनीच्या मुखाशी सलामा रुतली. सुकाणू फमाऊच्या हातात होतं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. गावाला माहीत नाही ते हे. तो मला म्हणाला होता, ‘मामा, पुढचं पाणी मातकट दिसतंय, बाहेर काढू का?’ मी म्हणालो, ‘मी तुझ्या जन्माआधीपासून हे पाणी बघतोय. सरळ ठेव.’ त्याने पुन्हा विचारलं. मी ओरडलो. त्याने सरळ ठेवलं. पुढच्या क्षणी तळ घासल्याचा आवाज आला. अर्ध्या बल्ल्या समुद्रात टाकल्या तेव्हा भरतीला निघालो.

गावात आलो तेव्हा मशिदीपुढच्या ओट्यावर सगळे जमले होते. विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ‘याच्या हाती यापुढे कोणी सुकाणू देऊ नका.’ तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. मी वाट बघत होतो, आता बोलेल. बोलला नाही. बोलला असता तर मी त्याला खोटा पाडला असता, हेही खरं आहे. मग तो तुझ्याकडे निघून आला आणि शिंपी झाला, आणि मी आठ वर्षं त्याला शिंपी शिंपी म्हणत बसलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच. खरं बाहेर आलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून मी त्याचं नाव काढू देत नव्हतो.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर त्याच ओट्यावर उभा राहून हे सगळ्यांना सांगितलं. बकारीला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ओरडून सांगताना पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला, कारण तेवढ्यात बायकाही खिडक्यांत आल्या होत्या.

फमाऊ, येताना सुकाणूवर तू बसशील. तुझी आई आहे म्हणून नव्हे, माझा हात गेलाय म्हणूनही नव्हे. तुझं खरं होतं म्हणून. मला माफ कर, बाळा.

अथमान


मोंबासा, ९ मार्च १९७०

अथमान,

वाचलं त्याने. किपिनीच्या ओळीपाशी थांबला. मी पाठीत घातली नाही, नुसतं म्हणाले, पुढे वाच. शेवटपर्यंत वाचलंन. मग कात्री उचलून दुकानात गेला आणि संध्याकाळपर्यंत घरात आला नाही. हे मी सांगतेय आणि तो लिहितोय. नको म्हणत होता, मी म्हटलं, लिही.

मला माहीत नव्हतं रे. आई म्हणून मला कळायला हवं होतं. आठ वर्षं त्याच्या हातचं खाल्लं आणि मनात म्हणत राहिले, पोरगं जरा बेसावधच. त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, पण तुझं खरं मानलं. तुझ्यावर मी फार रागावले आहे, अथमान. पत्रात रागावून काय उपयोग, दोन ओळींत संपतो. तीन दिवस जहाजावर तू कुठे पळणार आहेस? तेव्हा बघते.

तोवर कोम्बोला सांग, माझ्यासाठी नारळाच्या दुधातला भात, आणि करपलेला नको. खुर्चीच्या चटयांना वरूनही एक झाकण लाव, डोलकाठीवर चढणारी माणसं असतात. पाळण्याची फळी तासून गुळगुळीत कर.

वारा आज सकाळी अजून उत्तरेचाच आहे. फमाऊने गालाने बघितला.

झेना


जुनं बंदर, मोंबासा, २४ मार्च १९७०

फमाऊ, कोम्बोबरोबर ही चिठ्ठी पाठवतोय. ‘सलामा’ आली. माल उतरवायला चार दिवस, मग वाऱ्याची वाट. मी घरी ताईला भेटायला येतोय, पण आधी तू इथे ये. एकटा ये. मला तुझ्याशी बोलायचंय आणि ताईसमोर रडलो तर ती जन्मभर ऐकवील. — मामा


मटोंडोनी, १० ऑक्टोबर १९७०

माझ्या फमाऊला, आईचे खूप खूप आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस, मुंग्या तुझ्या मामाच्या आहेत. आता मी सांगते आणि तो लिहितो. नाखवा असताना कोणाचं ऐकायचा नाही, लेखनिक म्हणून बरा आहे. (हे लिहायला कुरकुरला.)

मी इथे ओट्यावर असते. मामाने खाटेला लाकडाची चाकं लावलीत, सकाळी मला बाहेर ढकलतो आणि दुपारी सावलीत घेतो. समोर सगळी खाडी दिसते. दुखतं पुष्कळ. खोटं सांगणार नाही, मागच्या खेपेला पकडले गेले. पण सकाळी डोळे उघडल्यावर वारा कुठला, हे मला आता कोणाला विचारावं लागत नाही.

तू परत गेलास तेव्हापासून एक गोष्ट सांगायची होती. किपिनी ओलांडताना तू मागे सुकाणूवर होतास. तुझा मामा पुढे माझ्याजवळ येऊन बसला, तुझ्याकडे पाठ करून. पाणी मातकट झालं. तू विचारलं नाहीस, बाहेर काढलंस, शीड फडफडलं आणि भरलं. तुला वाटलं असेल, मामा मागे वळून का बघत नाही, अजून राग आहे की काय. बाळा, त्याने माझा हात असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. आणि दाढी पूर्ण ओली. समुद्राच्या पाण्याने नव्हे. मुख मागे पडेपर्यंत मागे वळायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. म्हणाला, ‘एकदा न बघता विश्वास ठेवायचा होता, तो आज ठेवतो.’

हे लिहिणार नाही म्हणत होता. मी म्हटलं, लिही, नाहीतर बकारीकडून लिहवून घेईन, त्याला ओरडून सांगावं लागेल. मग निमूट लिहिलंन.

दुसरं असं. तू बसने निघालास त्या सकाळी मामाने तुला अंगणात उभं करून म्हटलं, ‘हा दोर जरा ताणून धर, सोडवायचाय.’ तू दोन्ही हात पसरून धरलास. त्याने दोन्ही टोकांना गाठी मारल्या, तू विचारलंस कशाला, तो म्हणाला, ‘असंच.’ आठवतं? तो दोर सहा महिने खुंटीला होता.

परवा सलामाला वाळूवर घेतली. शीड उसवलं. मामाने खुंटीवरचा दोर काढला आणि त्याने मोजलं, चौदा, अकरा, बारा. सगळा गाव उभा राहून बघत होता. दोर कोणाच्या वावेचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परबाणाच्या टोकापर्यंत बरोबर पोचायला किती कापड लागतं, तर माझ्या पाळण्याचं सगळं. तो उसवून शिडाला जोडला. शेवटची हातभर शिवण मी घातली. हात कापतो, टाके वाकडे आलेत. तू शिंपी आहेस म्हणून लगेच उसवायला बसू नकोस, ते तसेच राहू देत.

डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटेल. तोवर मी असेन, नसेन, ते अल्लाला ठाऊक. असले तर या ओट्यावरून बघीन. नसले तर मामा दाखवील, कुठल्या बाजूची शिवण माझी ते. सलामा वाळूवर उभी आहे, बल्ल्या तोडून ठेवल्यात, कोम्बो, बकारी सगळे आहेत. दुकानाला कुलूप लाव आणि ये. तुझं गलबत वाट बघतंय.

आणि मामाला स्वतःचं एक वाक्य लिहायचंय म्हणतो, लिहू दे:

फमाऊ, तुझ्या वावेने मोजलं. या खेपेला कापड उरलं नाही, रुमालभर चिंधीसुद्धा नाही.